मोगऱ्याच्या कुंडीतलं मीठ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खिडकीबाहेर कुंड्यांवर सावलीला जुनी साडी बांधणं. साडीचं एक टोक बायकोने ग्रिलला बांधलं. दुसरं कंपाउंडच्या भिंतीवरच्या खिळ्याला बांधायला मी स्टुलावर चढलो आणि ती खाली स्टूल धरून उभी राहिली. तिच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता, नाहीतर मला तिने चढू दिलं नसतं. मला गाठ मारता येत नाही हे तिचं म्हणणं लग्नापासूनचं.

"तिकडं वढा जरा. मोगऱ्यावर ऊन येतंय."

"येऊ दे की. मोगरा उन्हाचाच असतो."

"उन्हाचा हाय, पन भाजायचा न्हाय."

"अगो, पडेन मी."

"पडा. पन साडी बांधून पडा."

मी खाली उतरलो. तिने नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, मोडून कुंड्यांतल्या मातीवर पसरली, म्हणजे माती तापत नाही. मग आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता ती खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. मला त्यातलं काही कळत नाही, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. उन्हाळा नुकता लागला होता तेव्हा.

आमचं घर मिरा रोडला तळमजल्यावर आहे. खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची अरुंद पट्टी आहे, तिथे तिच्या कुंड्या. तुळस, कढीपत्ता, ओवा, आणि मोठ्या मातीच्या कुंडीत मोगरा. बाकीची झाडं कुठूनही येतात, पण मोगरा आमच्या मुर्धा गावातल्या घराच्या अंगणातला. ते घर पाडून तिथे बिल्डिंग झाली तेव्हा सगळे भांडी, कपाटं, देव सांभाळत होते आणि ही बाई तुपाच्या डब्यात मोगऱ्याची फांदी लावून मांडीवर घेऊन टेम्पोत बसली होती. मला तेव्हा राग आला होता. ती गेल्यावर त्या झाडाकडे बघून मी मनाशी एकच ठरवलं. तिच्यासाठी मला काही करता आलं नाही, डॉक्टर येईस्तोवर मी नुसता तिचा हात धरून बसलो. झाडाला तरी मरू द्यायचं नाही.

पण आमच्यात सुतकात तुळशीला हात लावत नाहीत. बायको तर तुळशीलाच काय, कुठल्याच झाडाला लावू द्यायची नाही. माझे वडील गेले तेव्हा मी कढीपत्त्याची दोन पानं तोडली होती तर तिने भरल्या घरात मला झापलं होतं. म्हणून मी आत बसून राहिलो. बाहेर माती तापत होती आणि मी खिडकीचा पडदासुद्धा उघडला नाही, बघवलं नसतं म्हणून.

सुतक फिटल्यावर बाहेर गेलो. मला वाटलं होतं सगळं वाळून कोळसा झालं असेल. तर माती ओली. मोगऱ्याला कळ्या. तुळशीला नवीन मंजिऱ्या.

दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मला पहिला प्रश्न पडला, कोण आलं होतं इथे? फुकट पाणी कोण कोणाला घालतं? माणूस गेलं की पहिल्या दिवशी त्याला बघायला येतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वस्तू बघायला येतात, हे मी या वयात चांगलं ओळखतो. दिवस चालू असताना आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने दारात उभं राहून मला विचारलं होतं, "काका, तुम्ही एकटेच आता, त्या कुंड्यांचं काय करणार? तिथे ब्लॉक बसवले तर चार स्कूटर आरामात लागतील." तोंडावर दुःख, डोळे पट्टीवर.

म्हणून मी लक्ष ठेवायला लागलो.

पहिलं काम केलं ते कुंड्यांवरची सोडणं काढून टाकली. खाली माती दिसली पाहिजे, कोण काय टाकतं ते कळलं पाहिजे. मग साडीची भिंतीकडची गाठ सोडली आणि ती ग्रिलवर गुंडाळून ठेवली, कारण साडीमुळे खिडकीतून अर्धी पट्टी दिसत नव्हती. खिडकीशी खुर्ची टाकली. पाणी मी स्वतः घालायला लागलो. बाहेर भिंतीलाच बोरिंगचा नळ आहे, वॉचमन त्यावर गाड्या धुतो. तोंडासमोर नळ असताना बायको आतून तांब्या तांब्या पाणी का नेत बसायची ते मला कधी कळलं नाही. तशी ती सकाळी पाणी घालायची तेव्हा मी नाक्यावर चहाला गेलेला असायचो. एकदा लवकर परत आलो तेव्हा बघितलं होतं, कुंडीच्या बुडातून गळेस्तोवर ओतत होती. मी म्हटलं होतं, "अगो, पानी काय धरनातलं हाय का?" म्हणाली, "तुमच्या बापाचं तर न्हाय ना." आता मी घालतो ते मोजकं, माती भिजली की बस. उन्हात झाडाला घोट घोट रोज द्यावं.

बोरिंगचं पाणी बिल्डिंगमधले लोक खारं म्हणतात. त्याने साबणाला फेस येत नाही, टिनाच्या बादलीला गंज लागतो. मला ऐकून हसू यायचं. खारं म्हणजे काय ते मी बघितलंय. तरुणपणापासून मिठागरात राबलो, पायांना चिरा पडायच्या त्यात खारं पाणी जायचं. त्याच्यापुढे हे बोरिंगचं पाणी मचूळ, एवढंच. माझ्या जिभेला ते गोडच लागतं.

थोड्या दिवसांत मोगऱ्याच्या पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग करपल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. कळ्या उमलायच्या आधी गळायला लागल्या. आणि एका सकाळी बघतो तर मातीवर पांढरं. मी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

मीठ!

दुसऱ्या कोणाला बुरशी वाटली असती, चुना वाटला असता. मी चाळीसेक वर्षं मीठ ओढलेला माणूस, माझी जीभ चुकणार नाही. कोणीतरी माझ्या बायकोच्या मोगऱ्यात मीठ टाकत होतं. झाड मारायचं असलं की मीठ टाकतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. हद्दीच्या भांडणात शेजाऱ्याचा आंबा असाच मारलेला मी बघितलाय.

पहिला संशय सेक्रेटरीवर. पण तो सकाळी साडेसातला निघतो आणि अंधार पडल्यावर येतो, आणि चिखलात पाय घालणाऱ्यातला तो नाही. मग वॉचमन. वॉचमनला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "चाचा, मेरे को तो बैठने को टाइम नहीं है." हे खोटं होतं, तो दिवसभर बसूनच असतो, पण खुर्चीतून उठायचा आळस असलेला माणूस मीठ टाकायला कशाला उठेल.

राहिली समोरच्या दारातली गुजराती बेन.

ती माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. बायकोचं आणि तिचं जिन्यात उभं राहून तासन्‌तास चालायचं, ही आगरी मराठीत आणि ती गुजराती हिंदीत, आणि दोघींना सगळं समजायचं. नाक्यावर न जाता मी एक दिवस सकाळी पडद्याआड उभा राहिलो. बेन आली. हातात लोटा. इकडेतिकडे बघितलं, मोगऱ्यात लोटा उपडा केला आणि उरलेल्या दोन फुलांतलं एक तोडलं.

मी बाहेर.

"ओ बेन. क्या डाला उसमें?"

ती दचकली. "अरे काका! पानी डाला. और क्या डालूँगी?"

"ये सफेद क्या है फिर? चाखो. नमक है."

तिने मातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. "हाय हाय काका, नमक क्या मुफ्त में आता है जो आपके मोगरे में डालूँगी? मेरी दाल में कम पड़ता है, मेरे मिस्टर रोज चिल्लाते हैं."

तिने हसायला नको होतं. माझं डोकं गेलं.

"और फूल? फूल किसको पूछ के तोड़ा?"

"काकी को पूछ के. वो तो हमेशा..."

"काकी गई. अभी मैं हूँ. मेरे झाड़ को हात नहीं लगाने का."

दुसऱ्या मजल्यावरची कोणीतरी गॅलरीत आली. बेनचं हसू गेलं. तिने ते फूल भिंतीवर ठेवलं, हळूच, जसं देवापुढे ठेवतात तसं. "ठीक है काका. नहीं लगाएँगे हात." आणि गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा केला नाही. मला वाटलं, बघ, कशी पकडली गेली तर गुमान गेली. खरी असती तर भांडली असती.

त्यानंतर ती आली नाही. मी खुर्चीवर बसून होतो, मला माहीत आहे. दुपारी ऊन भिंतीवर आपटून आत यायचं, खिडकीचं ग्रिल हाताला चटका देईल इतकं तापायचं, पण मी उठलो नाही. संध्याकाळी नळीने घोटभर पाणी, की परत खुर्ची. आणि मोगरा जास्तच करपत गेला. शेंड्याची पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली. मी म्हटलं जुनं मीठ आहे, त्याचा असर.

रविवारी मुलगी आली. तिला डोंगरी गावात दिलीय, बसने येते. येताना माझ्यासाठी सुकट आणि बोंबील घेऊन आली. पिशवी ठेवायच्या आधी तिने कंबरेवर हात ठेवले.

"बाबा, बेनला काय बोललात तुम्ही?"

"तुझ्यापर्यंत पोचलं वाटतं."

"जिन्यात भेटल्या. मी विचारलं कशा आहात, तर म्हणाल्या, तेरे पापा का मोगरा कैसा है. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं."

मी सगळं सांगितलं. मीठ, लोटा, फूल. ती कपाळावर हात मारून खाली बसली.

"अहो, फुलांचं आईनेच ठरवलं होतं. आईचे गुडघे गेल्यापासून सकाळचं पाणी बेनच आणून घालायच्या. त्यांच्याकडे घरातल्या नळाच्या पाण्याची मोठी टाकी आहे, आपल्याकडे नळ तासभरच, तेवढ्यात जेवढं भरेल तेवढंच. पाणी त्यांचं, फुलं अर्धी त्यांच्या देवाला अर्धी आपल्या. सुतकात पण त्यांनीच घातलं. तुम्ही हात लावणार नाही हे त्यांना माहीत होतं, आईने कधीतरी सांगितलेलं."

"आईने मला नाही सांगितलं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"मग मीठ कोणी टाकलं?"

"मला काय माहीत! कुठल्या पाण्याने घालता तुम्ही?"

"पाण्याने मीठ येत असतं तर आम्ही मिठागरात कशाला मेलो असतो?" मी म्हटलं. तोंडातून असं निघालं आणि मी पुढे बोलतच राहिलो. काय बोललो ते मला कळलं नाही. उलट मनात म्हटलं, हिलाही बेनने फितवलीय. पोरगी चिडून बोंबील भाजायला गेली. जेवलो, आणि ती चारच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "आईने ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांच्यावर तुम्ही ठेवा. नाहीतर नका ठेवू, पण झाड मरेल हो बाबा."

ती गेल्यावर मी ठरवलं, मोगरा आत आणायचा. खिडकीखाली खोलीत ठेवला तर कोण हात लावतं बघू. कुंडी जड. वाकून दोन्ही हातांनी पोटाशी धरली, पण उचलली गेली नाही, नुसती हलली. हात सोडले तर तळवे पांढरे.

मी तसाच वाकून बघत राहिलो. कुंडीला बाहेरून पांढरं आलं होतं. बुडापासून वर, पोटावर, भाजक्या मातीतून फुटून आल्यासारखं. बोट चाटलं. मीठच.

मातीवर मीठ टाकता येतं. कुंडीला बाहेरून कोण फासत बसणार? आणि कशासाठी?

मी तुळशीची कुंडी बघितली. तिच्यावरही होतं. ओव्याच्या कुंडीवर सुद्धा. मग मी भिंतीवरचा नळ सोडला, ओंजळ भरली आणि तोंडात घेतली. या वेळी गिळलं नाही. तोंडात धरून ठेवलं, आगरात मुकादम धरायचा तसं. तो तोंडात पाणी धरून सांगायचा, मीठ धरायला अजून दोन दिवस, अजून चार दिवस.

मिठागरात आम्ही काय करायचो? खाडीचं पाणी आत घ्यायचो. खोल नाही घ्यायचं, बोटभर. उघड्या जमिनीवर, वर सावली नाही, झाकण नाही. ऊन पाणी नेतं आणि मीठ ठेवून जातं. मग परत बोटभर. रोज थोडं थोडं. जास्त पाणी घेतलं की मीठ धरत नाही, वाहून जातं, हे नवीन गड्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

सोडणं मी काढली. साडी मी सोडली. बुडातून गळेस्तोवर ओतायचं ते मी थांबवलं आणि घोट घोट देत बसलो, बोरिंगचं. वरून रोज सकाळी एक लोटा चांगलं पाणी पडत होतं तेही बंद केलं. इतकी वर्षं जे काम करून पोट भरलं तेच काम मी तिच्या कुंड्यांमध्ये करत होतो. मीठ चांगलं पिकलं होतं. माल एक नंबर.

मी आत येऊन खुर्ची खिडकीपासून ओढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. बसलो नाही तिच्यावर. कुंड्यांकडे बघायची हिंमत होईना.

शेतात खारं पाणी घुसलं की काय करायचं हे मला बायकोपेक्षा जास्त माहीत होतं. आमची भातशेती खाडीच्या बाजूला, बांध फुटला की सगळं खारवायचं. मग गोडं पाणी भरायचं, मुरू द्यायचं, बांधाला तोंड करून सोडून द्यायचं. परत भरायचं. जमिनीने मीठ सोडेस्तोवर. घोटभर पाण्याने ते होत नाही, उलट मीठ वर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो नाही. नळाला पाणी आलं तशी बादली, टोप, कळशी, प्रेशर कुकर, जे हाताला लागलं ते भरलं. आंघोळ केली नाही. आधी साडी बांधली. स्टूल धरायला कोणी नव्हतं म्हणून भिंतीला टेकवलं आणि दोन गाठी मारल्या, तरी सैलच झाल्या. मग मोगऱ्यावर ओतायला लागलो. पहिलं पाणी बुडातून आलं ते चाखलं, खारट. थांबलो, परत ओतलं. माझी भांडी संपली तरी खालून येणारं पाणी अजून जिभेला लागत होतं, आणि आत नळ सूं सूं करत बंद झाला.

मी रिकामी कळशी घेतली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

बेनने दार उघडलं. केसाला तेल लावलेलं, हातात कंगवा. कळशीकडे बघितलं, मग माझ्या ओल्या पायजम्याकडे.

"क्या हुआ काका?"

"नल का पानी चाहिए. टाकी का."

"पीने को?"

"नहीं. काकी के मोगरे को." मग म्हटलं, "नमक बोरिंग का था. मैंने ही डाला."

ती कळशी घेऊन आत गेली. भरायचा आवाज येत होता, बराच वेळ. बाहेर आणून तिने ती उंबऱ्यावर ठेवली आणि कंबरेवर हात ठेवले, माझ्या मुलीने ठेवले होते तसेच.

"पहले चाख के देखो, काका. बाद में बोलोगे बेन ने कुछ मिलाया."

मला लागावं म्हणूनच ती तसं बोलली आणि लागलं. मी उंबऱ्याशी खाली बसलो, कळशी तिरकी केली, ओंजळ भरून तिच्यासमोर प्यायलो. गोड होतं. खरोखरचं गोड. माझ्या जिभेला तो फरक कळायला एवढे दिवस लागले.

"और कितना लगेगा?" ती म्हणाली.

"नीचे से निकलेगा तब तक."

"तो चलो," म्हणाली, आणि कंगवा केसांत खोचून दुसरी कळशी आणायला आत गेली.